शिशाच्या पोटातले धातू

झोतभट्टीच्या तळातून वाहत बाहेर येणारे शिसे बघणाऱ्याला एकजिनसी वाटते. जड, निळसर राखाडी, चकचकीत. प्रत्यक्षात ते नुसते शिसे नसतेच. त्यात तांबे असते, कथील असते, आर्सेनिक आणि अँटिमनी असते, बिस्मथ असतो, चांदी असते, क्वचित सोनेही असते. खनिज कुठले आणि भट्टीत भंगार कोणते टाकले यावर इंडियम आणि टेल्युरियमही त्यात सापडतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेल्या अवस्थेत ज्या धातूला भेटेल त्याला पोटात घेते. या एका गुणावर माणसाने निदान चार-पाच हजार वर्षे चांदी मिळवली. आज त्याच गुणावर मोबाइलचे पडदे, सौर काचा, औषधे आणि दारूगोळा यांना लागणारे धातू मिळतात. ज्या शिशाला आपण पेट्रोलमधून, रंगातून, पाण्याच्या नळातून हद्दपार केले, त्याच्याच दारातून हे धातू जगात येतात. आपल्याला शिसे नको आहे, पण शिशाच्या पोटातले सगळे हवे आहे. हा पेच मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा मराठीत जवळजवळ होत नाही.

शिशाचे शुद्धीकरण म्हणजे पोटातला एकेक धातू ठरलेल्या क्रमाने बाहेर काढणे. हे काम पोलादाच्या प्रचंड कढयांमध्ये चालते. एकेका कढईत शंभराहून अधिक टन शिसे मावते.

पहिली पाळी तांब्याची. कच्चे शिसे भट्टीतून निघते तेव्हा खूप तापलेले असते आणि त्यात तांबे सुखाने विरघळलेले असते. कढई गोठणबिंदूच्या जवळ निवत आणली की शिशाला ते तांबे पोटात धरून ठेवता येत नाही. ते घट्ट मळी होऊन वर तरंगते आणि झाऱ्याने काढून घेतात. उरलेसुरले तांबे गंधकाची पूड ढवळून बाहेर ओढतात. ही मळी तांब्याच्या कारखान्याकडे जाते.

नंतर कथील, आर्सेनिक आणि अँटिमनी. या तिघांना शिशापेक्षा ऑक्सिजनची ओढ जास्त. जुनी पद्धत अशी की शिसे सातशे अंशांच्या पुढे तापवायचे, त्यात हवा सोडायची आणि या तिघांची ऑक्साइडे वर आली की ती काढून घ्यायची. तिघे गेल्यावर शिसे मऊ पडते, म्हणून या टप्प्याला कारखान्यात ‘सॉफ्टनिंग’ म्हणतात. पण या मळीत तिघांची खिचडी झालेली असते आणि बरेचसे शिसेही त्यांच्याबरोबर निघून जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रूढ झालेली हॅरिस पद्धत यापेक्षा कितीतरी चलाख आहे. तिच्यात तप्त शिसे वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून पंपाने फिरवतात आणि सोडियम नायट्रेट घालून त्याला ऑक्सिजन पुरवतात. तापमान साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास असते. आर्सेनिकचे सोडियम आर्सेनेट होते, कथलाचे सोडियम स्टॅनेट, अँटिमनीचे सोडियम अँटिमोनेट. तिन्ही क्षार सोड्यात उतरतात आणि शिसे मागे राहते.

खरी गंमत पुढे आहे. हा सोडा पाण्यात विरघळवला की अँटिमनीचा क्षार तळाशी बसतो, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कथील आणि आर्सेनिक पाण्यात राहतात. त्यात चुना घातला की कथील कॅल्शियम स्टॅनेट होऊन खाली येते, आणि ते कोळशाबरोबर भट्टीत घातले की धातुरूप कथील मिळते. सोडा आटवून पुन्हा वापरता येतो. कल्हईवाला भांड्याला जे कथील लावतो तेच हे मूलद्रव्य, फक्त वाट वेगळी. अँटिमोनेटला गिऱ्हाईक असते ते काचवाल्यांचे, कारण वितळत्या काचेतले बुडबुडे काढायला ते लागते. सौर पॅनेलची काच नितळ व्हायला हीच पूड मदत करते.

चांदीची पाळी या तिघांनंतर येते. चांदीला ऑक्सिजनची ओढ नाही, त्यामुळे ती हवेला दाद देत नाही. पूर्वी उलट मार्ग होता. सगळे शिसेच जाळून त्याचे ऑक्साइड, म्हणजे मुर्दाडशिंग, करायचे आणि मागे उरेल ती चांदी. शिशात चांदी अगदी थोडी असेल तर हा उद्योग परवडत नसे. १८३३ मध्ये ह्यू ली पॅटिन्सनने शिसे हळूहळू निववून त्याचे स्फटिक काढत उरलेल्या द्रवात चांदी दाट करण्याची युक्ती शोधली. १८५० मध्ये बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्सने त्याहून सोपा मार्ग दाखवला. वितळलेल्या शिशात जस्त ढवळायचे. जस्त आणि शिसे एकमेकांत फारसे मिसळत नाहीत आणि चांदीला शिशापेक्षा जस्त अधिक आवडते. जस्ताचा चांदीने भरलेला पापुद्रा वर येतो. तो काढून तापवला की ९०७ अंशांना जस्ताची वाफ होते, ती गार करून जस्त परत मिळते आणि चांदी राहते. पुढे पार्केसिन नावाने पहिले प्लास्टिक बनवणारा पार्क्स हाच. त्याची चांदीची पद्धत पावणेदोनशे वर्षांनंतरही जगभर चालू आहे.

शेवटी बिस्मथ. तो हवेला दाद देत नाही आणि जस्तालाही देत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घालून त्याला संयुगात बांधून वर आणावे लागते. ही क्रोल-बेटरटन पद्धत. यातला विल्यम क्रोल लक्झेंबर्गचा. टायटॅनियम मिळवण्याची आजची मुख्य पद्धतही त्याच्याच नावाने ओळखली जाते. कॅनडातल्या ट्रेलमध्ये १९०२ पासून वेगळीच वाट धरली गेली. अशुद्ध शिशाच्या पाट्या आम्लात टांगायच्या आणि वीज सोडायची. शिसे निघून समोरच्या पाटीवर बसते आणि चांदी, बिस्मथ, अँटिमनी यांचा गाळ जागेवर राहतो. ही अँसन बेट्सची पद्धत.

* * *

उपपदार्थ कोणाचा, हा प्रश्न धातूच्या धंद्यात जुना आहे. अथेन्सच्या आग्नेयेला लॉरियन नावाचे ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथल्या शिशाच्या खनिजातून निघालेल्या चांदीवर थेमिस्टोक्लीसने जहाजांचा ताफा बांधून घेतला आणि त्याच ताफ्याने सालामिसच्या लढाईत इराण्यांना हरवले. अथेनियन लोकांना चांदी हवी होती. शिशाची त्यांना तितकी गरज नव्हती, म्हणून हजारो टन स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळून गोठलेला मळ, आणि टाकाऊ खनिजाचे ढीग टेकड्यांवर पडून राहिले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इथे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. १८६० च्या दशकात जोव्हान्नी बात्तिस्ता सेर्पिएरी या इटालियन उद्योजकाने तो प्राचीन स्लॅग पुन्हा भट्टीत घालायला सुरुवात केली आणि शिसे व चांदी काढली. धंदा तेजीत आल्यावर ग्रीक सरकारने १८७१ मध्ये कायदा करून सांगितले की पूर्वजांनी टाकून दिलेले खनिजाचे ढीग राष्ट्राचे आहेत. फ्रान्स आणि इटलीच्या सरकारांनी आपल्या भांडवलदारांची बाजू घेतली. वाद इतका चिघळला की ग्रीसच्या राजकारणात त्याला ‘लॉरियनचा प्रश्न’ असे नाव पडले. १८७३ मध्ये अँड्रियास सिंग्रोस या सावकाराने कंपनी विकत घेतली, शेअर विकले, अथेन्समध्ये सट्ट्याची लाट उसळली आणि फुटली. अनेक सामान्य घरे त्यात बुडाली. कचऱ्याची किंमत एकदा कळली की त्याच्यासाठी देशही भांडतात. हे आज पुन्हा घडते आहे.

आपल्याकडे टाकाऊतून धातू सोडवण्याचे हे ज्ञान दुकानांच्या मागच्या खोल्यांत होते. सोनारपेठेतला केर आणि राख विकत घेऊन, ती धुऊन, त्यातला सोन्याचा कण काढणारे झारेकरी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली. दक्षिणेतल्या एखाद्या गावी सराफकट्ट्यावर सोने-चांदी गाळून शुद्ध करणारा मराठी बोलताना भेटला तर आश्चर्य वाटू नये. त्यांची हत्यारे लहान असली तरी विचार तोच. दुसऱ्याने टाकलेल्यात काय आहे ते ओळखायचे आणि सोडवून घ्यायचे. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत तर मुद्दाम शिसे घालतात, कारण ते इतर भेसळ स्वतःबरोबर घेऊन जाते. भारतात निघणारी जवळजवळ सगळी खाणीची चांदी आजही राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खनिजातून येते. उदयपूरच्या परिसरातल्या आणि चंदेरियाच्या कारखान्यांत शिशाचे शुद्धीकरण थांबले तर ती चांदीही थांबेल.

* * *

यातले अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कथलाच्या स्वतःच्या खाणी आहेत. इंडोनेशिया, म्यानमार, पेरू, चीन ही मोठी नावे. भारतात छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात थोडे खनिज निघते, ते बहुतांश आदिवासी कुटुंबे गोळा करतात. बिस्मथाची आणि इंडियमची गोष्ट वेगळी. फक्त बिस्मथासाठी किंवा इंडियमसाठी चालणारी खाण जगात अपवादानेच सापडते. हे धातू शिसे, जस्त, तांबे यांच्या पाठराखणी म्हणून येतात. कधी निघायचे आणि कुठे जायचे हे नवरीच्या वऱ्हाडात ठरते, पाठराखणीला कोणी विचारत नाही. बिस्मथाचा भाव दसपट झाला म्हणून कोणी शिशाची नवी खाण खणत नाही, कारण त्या खाणीचा खर्च शिशावर आणि चांदीवर निघायचा असतो. उलट शिशाचा कारखाना बंद पडला की बिस्मथही गेला. अशा धातूचा पुरवठा वाढवायचा तर मार्ग एकच उरतो. आज जे मळीत, गाळात, धुळीत, स्लॅगमध्ये वाया जाते ते अधिक कसोशीने काढणे.

चीनने हे इतरांपेक्षा आधी ओळखले. जगाचे बहुतांश बिस्मथ आणि अँटिमनी चीनमध्ये शुद्ध होते. कुनमिंगच्या विद्यापीठात दाई योंगन्यान यांनी आयुष्यभर निर्वात धातुकर्मावर काम केले. शिसे आणि कथील एकमेकांत मिसळले असतील तर हवा काढून घेतलेल्या भांड्यात हजार अंशांच्या आसपास तापवायचे. शिशाची वाफ होते, कथील मात्र तसेच बसून राहते, कारण त्याचा उत्कलनबिंदू शिशापेक्षा शेकडो अंशांनी वर आहे. ना आम्ल, ना सोडा, ना सांडपाणी. आज कच्च्या कथलातून शिसे काढायला ही भांडी जगभर वापरतात.

सप्टेंबर २०२४ पासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, डिसेंबरमध्ये अमेरिकेला ती थेट बंद केली. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी बिस्मथ, इंडियम, टेल्युरियम यांनाही परवाना लागू झाला. चीनबाहेर अँटिमनी आणि बिस्मथाचे भाव कित्येक पटींनी चढले. अँटिमनी काडतुसांत, आग रोखणाऱ्या प्लास्टिकमध्ये, काचेत लागते. बिस्मथ पोटाच्या औषधांत आणि कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूंत. मग ऑस्ट्रेलियाला एक जुनी भट्टी आठवली. स्पेन्सर आखाताच्या काठावरचा पोर्ट पिरीचा शिसे कारखाना १८८९ पासून चालू आहे आणि गेली काही वर्षे तोट्यात होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी तो आणि टास्मानियातला जस्ताचा कारखाना वाचवण्यासाठी १३५ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. अपेक्षा अशी की पोर्ट पिरी अँटिमनी देईल आणि टास्मानियात जर्मेनियम व इंडियमची वाट शोधता येईल. त्याच पोर्ट पिरी गावात मुलांच्या रक्तातले शिसे कमी करण्याचा सरकारी कार्यक्रम १९८४ पासून चालू आहे. तो अजूनही संपलेला नाही.

* * *

शिशाची गरज आणि त्याचे विष दोन्ही एकाच जागी पाहायचे तर होबोकेनकडे वळावे लागते. बेल्जियममध्ये अँटवर्पला लागून, शेल्ट नदीच्या काठी, १८८७ मध्ये शिशातून चांदी काढण्याचा कारखाना उभा राहिला. आज तो युमिकोर कंपनीकडे आहे. जुने मोबाइल, सर्किट बोर्ड, मोटारींचे धूर गाळणारे कॅटॅलिस्ट, इतर कारखान्यांची मळी आणि धूळ असा दोनशेच्या आसपास प्रकारचा माल इथे येतो आणि सतरा धातू बाहेर पडतात. सोने, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम, रुथेनियम, तांबे, निकेल, शिसे, कथील, अँटिमनी, आर्सेनिक, बिस्मथ, इंडियम, सेलेनियम, टेल्युरियम. तांब्याच्या भट्टीत जे तांब्याबरोबर जात नाही ते शिशाच्या भट्टीत शिशाबरोबर जाते. मार्कुस रॉयटर या धातुशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘धातूंचे चाक’ नावाची आकृती मांडली. कोणता धातू कोणत्या मुख्य धातूच्या भट्टीत वाचतो आणि कुठे कायमचा हरवतो, ते ती दाखवते. त्या चाकात शिशाचा तुकडा काढून टाकला तर कथील, अँटिमनी, बिस्मथ यांना परतीची वाट उरत नाही, हे चटकन लक्षात येते. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतले शिसे बंद केले. पूर्वीच्या झाळकामात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे, नव्यात कथीलच पंच्याण्णव टक्क्यांच्या वर असते. कथलाची भूक त्यामुळे वाढली. आणि ते कथील जुन्या बोर्डातून परत मिळवायला पुन्हा शिशाचीच भट्टी लागते.

होबोकेनच्या कुंपणाला लागूनच मोरेटुसबुर्ग ही कामगारांची वस्ती आहे. १९७० च्या दशकात आसपासच्या कुरणांत जनावरे मेली, मग मुलांचे रक्त तपासले जाऊ लागले. पुढच्या दशकांत चिमण्यांचे गाळणे सुधारले, मातीचे थर काढले गेले, पातळी उतरली. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र मुलांच्या रक्तातील शिसे पुन्हा चढलेले आढळले. कंपनीने कुंपणाजवळची घरे विकत घेऊन तिथे हिरवा पट्टा करण्याचा प्रस्ताव ठेवला. जगातल्या अत्यंत प्रगत पुनर्प्रक्रिया कारखान्याला शेवटी माणसांपासून अंतर विकत घ्यावे लागले. माझ्या दृष्टीने या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. धुळीचा कण किती बारीक असतो आणि रांगणारे मूल दिवसातून किती वेळा बोटे तोंडात घालते, याचे गणित कुठल्याही कारखान्याला पूर्णपणे जिंकता आलेले नाही.

पेरूच्या अँडीज पर्वतात, पावणेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर, ला ओरोया आहे. १९२२ पासून तिथे तांबे, नंतर शिसे, नंतर जस्त शुद्ध होऊ लागले आणि त्यांच्याबरोबर चांदी, बिस्मथ, इंडियम, कॅडमियम, सेलेनियम, टेल्युरियम. घाणेरडे, गुंतागुंतीचे खनिज पचवण्याची या कारखान्याची क्षमता धातुकर्माच्या जगात वाखाणली जायची. १९९९ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने गावातल्या लहान मुलांचे रक्त तपासले तेव्हा जवळजवळ सर्वांचे शिसे त्या वेळच्या मर्यादेपेक्षा वर निघाले. मार्च २०२४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचा निकाल प्रसिद्ध झाला. निरोगी पर्यावरणाचा रहिवाशांचा हक्क पेरू सरकारने मोडला, असे न्यायालयाने ठरवले. निकालापर्यंत यायला रहिवाशांची जवळजवळ दोन दशके गेली.

* * *

आता घरचा हिशोब. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली. तीत कथील आहे, अँटिमनी आहे, बिस्मथ, इंडियम, सेलेनियम, टेल्युरियम आहेत. शिसे नाही. पण यातल्या कित्येकांचा रस्ता शिशातून जातो. भारतात तयार होणाऱ्या शिशाचा मोठा हिस्सा खनिजातून येत नाही, तो जुन्या बॅटऱ्यांमधून येतो. रिक्षा, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, मोबाइल टॉवर यांच्या बॅटऱ्या भंगारवाल्याकडे जातात आणि तिथून दोन वाटा फुटतात.

एक वाट परवानाधारक कारखान्याची. दुसरी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडची. तिथे बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल ओढ्यात ओततात आणि उघड्या भट्टीत पाट्या वितळवतात. शिशाचा धूर वाऱ्यावर जातो आणि काळा स्लॅग शेताच्या बांधावर. जगात ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीचे शिसे असल्याचा अंदाज युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने मांडला. त्यातली सुमारे २७ कोटी ५० लाख भारतातली होती. अनौपचारिक बॅटरी भट्ट्या हे या अहवालाने दाखवलेले एक प्रमुख कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नाहीच.

त्या स्लॅगमध्ये आणखी काय जाते हे फार कोणी पाहत नाही. जुन्या धाटणीच्या बॅटरीच्या जाळीत शिसे कडक करण्यासाठी अँटिमनी घालतात. पाणी न लागणाऱ्या नव्या बॅटरीत कॅल्शियम आणि कथील असते, धन पाटीच्या जाळीत कथील एक टक्क्याच्या आसपास. उघड्या भट्टीत अँटिमनी आणि कथील या दोन्हींचा बराच भाग मळीत, स्लॅगमध्ये आणि धुरात जातो. परवानाधारक कारखान्यातही, शुद्ध मऊ शिसे हवे असेल तर कथील आणि अँटिमनी ऑक्साइड करून मळी म्हणून बाजूला काढतात. मग त्याच शिशात नव्या जाळीसाठी बाजारातून आणलेले, बहुधा आयात केलेले कथील घालतात. एका दाराने बाहेर टाकायचे आणि दुसऱ्या दाराने डॉलर मोजून आत आणायचे. ही मळी साठवून एकत्र केली तर तिच्यातून कथील आणि अँटिमनी काढण्याचे ज्ञान शंभर वर्षे जुने आहे. बेल्जियममधल्याच बेर्से गावी तांबे, शिसे आणि कथलाच्या मिश्र भंगारातून कथील काढणारा कारखाना उभा आहे. जर्मन ऑरुबिस कंपनीने तो २०२० मध्ये विकत घेतला.

आपला २०२२ चा बॅटरी कचरा नियम उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकतो, हे चांगले आहे. पण पुनर्प्राप्तीची टक्केवारी तो बॅटरीच्या एकूण कोरड्या वजनावर मोजतो. शिसे वजनाने इतके भारी आहे की ते एकटेच लक्ष्य गाठून देते. एक टक्का कथील गटारात गेले तरी कागदावर काही उणे पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अत्यावश्यक खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचा थोडा भाग तरी शिशाच्या मळीकडे वळला पाहिजे. प्रत्येक मोठ्या शिसे कारखान्याने कथील आणि अँटिमनीचा वेगळा ताळेबंद द्यावा, लहान कारखान्यांनी मळी एकत्र करून एखाद्या सक्षम केंद्राकडे पाठवावी आणि तिचे पैसे त्यांना मिळावेत. मळीला भाव मिळाला तर भंगारवाल्याला परवानाधारक कारखाना पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त दर देऊ शकेल. आज शेडवाला जास्त दर देऊ शकतो, कारण धूर गाळण्याचा खर्च तो करत नाही. तो खर्च शेजारच्या घरातले मूल उचलते.

आणि हे करताना त्या केंद्राच्या कुंपणापासून वस्ती किती दूर असावी, आसपासच्या मुलांचे रक्त दरवर्षी कोणी तपासावे आणि त्याचे आकडे गावात कुठे लावावेत, हे परवान्यातच लिहिलेले असले पाहिजे. होबोकेनला घरे विकत घ्यावी लागली, कारण कारखाना आणि वस्ती शंभर वर्षे शेजारी वाढत गेली. आपल्याकडे अशी बरीच केंद्रे अजून उभी राहायची आहेत, तेव्हा जागा निवडायला वेळ आहे.